बादलच्या भांड्यात काय, आणि किती वाजता?

पत्र

नमस्कार डॉक्टरताई,

मी एका खासगी सिक्युरिटी एजन्सीत हँडलर आहे. माझ्याकडे बादल नावाचा लॅब्रॅडॉर आहे. चार वर्षांचा, स्फोटकं हुंगायला तयार केलेला. लोअर परळच्या एका मॉलमध्ये सकाळी ८ ते ४ ड्युटी असते, बहुतेक काम बेसमेंट पार्किंगमध्ये. राहणं भांडुपला, केनेलला लागूनच माझी खोली आहे. सकाळी साडेसहाला अर्धा लिटर दुधात चार चपात्या कुस्करून देतो, सातला गाडी निघते. दुपारी ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा. रात्री पाव किलो करी कट चिकन उकडून आणि भात. एजन्सीकडून ड्राय फूडची गोणी येते, पण दर वेळी वेगळी. ते तो कधी खातो, कधी नाही.

चार महिन्यांत ३१ किलोवरून २९ वर आलाय. शी पातळ असते. दुपारी एकनंतर नुसता धापा टाकतो, गाडीभोवती फिरतो पण नाक लावत नाही. ड्युटीवर पाणीही पीत नाही. आमच्यात रोज वाद होतो. एक रिटायर्ड फौजी काका म्हणतात कच्चं मांस घाल. दुकानदार म्हणतो ३२ टक्के प्रोटीनची गोणी घे. गावाहून वडील म्हणतात, आपल्या कुत्र्यांनी जन्मभर भाकरीच खाल्ली. काम करणाऱ्या कुत्र्यासाठी सगळ्यात चांगलं खाणं कोणतं ते एकदाचं सांगा.

– एक हँडलर, भांडुप

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी साडेसहा या वेळेपाशी थांबले. साडेसहाला पोटभर दूध-चपाती, सातला गाडीचे धक्के, आठला काम. बादलचा निम्मा त्रास या दीड तासात आहे असं मला वाटतं आणि पुढे बरंचसं त्यावरच बोलणार आहे. पण खाण्याला हात लावण्याआधी एक काम करा. त्याचं रक्त आणि शी तपासून घ्या.

चार वर्षांच्या कुत्र्याचं वजन चार महिन्यांत दोन किलोनं उतरतं आणि तो दमतो, तेव्हा ते खाण्यामुळेच झालं असं धरून चालता येत नाही. मुंबईच्या दमट हवेत गोचिडी वर्षभर असतात आणि त्यांच्यामार्फत येणारे एर्लिकिया, बबेसियासारखे आजार कुत्र्याला आतून हळूहळू पोखरतात. ताप येतो-जातो, हिरड्या फिकट पडतात, प्लेटलेट्स उतरतात आणि बाहेरून दिसतं ते एवढंच की कुत्रा मलूल झालाय. पातळ शीमागे जंत किंवा जिआर्डिया नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवीही असू शकतो. तुमची ड्युटी लोअर परळला आहे, तिथून परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. १८८६ पासूनची ही संस्था, मीही तिथंच शिकले. ड्युटी संपल्यावर जाणं जमणार नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी जा. सकाळची ताजी शी एका स्वच्छ डबीत घेऊन जा आणि रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्सचा आकडा आवर्जून विचारा. आजार निघाला तर खाली लिहिलेलं सगळं त्या उपचारानंतर करायचं.

आता साडेसहाकडे येऊ.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो, तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धाप. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या भागावरून हवा जाते, पाणी उडून जातं आणि रक्त थंड होतं. मुंबईच्या हवेत आधीच इतकी आर्द्रता असते की हे पाणी लवकर उडत नाही. त्यात बेसमेंट, म्हणजे तापलेली इंजिनं, धूर आणि कोंदलेली हवा. आणि हुंगणं हा पूर्ण वेगळा श्वास आहे. नाकानं, छोटा-छोटा, सेकंदाला चार-पाच वेळा. तोंड उघडं ठेवून धापा टाकणारा कुत्रा त्याच वेळी नीट हुंगू शकत नाही. म्हणून दुपारी एकनंतर बादल नाक लावत नाही तो आळस नाही आणि शिकवलेलं विसरलाय असंही नाही. त्याचं शरीर तेव्हा थंड होण्याच्या धडपडीत असतं, नाकाला सवड उरत नाही.

भरलेलं पोट या धडपडीत भर घालतं. पचनामुळेच शरीरात उष्णता तयार होते, रक्ताचा मोठा ओघ आतड्यांकडे जातो, वर शी-शूची घाई. दुधातली साखर पचवणारं विकर (एन्झाइम) प्रौढ कुत्र्यांच्या आतड्यात कमी असतं. अर्धा लिटर दूध एका वेळी गेलं की बऱ्याच कुत्र्यांचं पोट ढिलं होतं. शिवाय चपाती आणि दुधातली साखर मिळून रक्तात एकदम साखर येते, इन्सुलिन वाढतं आणि चरबी जाळायची प्रक्रिया मंदावते. तासन् तास चालणाऱ्या कामात कुत्र्याचं मुख्य इंधन चरबी असतं. आपण नेमकं तेच सकाळी दाबून ठेवतो.

आणखी एक धोका आहे, तो प्रत्येक हँडलरला तोंडपाठ हवा. पोटभर खाऊन लगेच उड्या, धावपळ, गाडीचा प्रवास झाला तर मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडू शकतो. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमनमध्ये हे जास्त दिसतं, लॅबमध्ये कमी, पण दिसतं. पोट टणक होतं, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. असं दिसलं तर कुणाला फोन करून सल्ला विचारत बसू नका, एजन्सीच्या परवानगीसाठीही थांबू नका. टॅक्सी करा आणि ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. इथे तास नाही, मिनिटं मोजायची असतात.

तेव्हा मुख्य जेवण ड्युटीनंतर. चारला काम सुटतं. भांडुपला पोहोचून, तासभर पंख्याखाली विसावून, धाप पूर्ण थांबली की साडेपाच-सहाला पहिलं जेवण. साडेनऊ-दहाला दुसरं. सकाळी उठल्याबरोबर, म्हणजे साडेपाचला, थोडंसं ड्राय फूड कोमट पाण्यात भिजवून. रिकाम्या पोटी काही कुत्रे पिवळं पित्त ओकतात, त्यासाठी तेवढं पुरतं. दुपारची बिस्किटं बंद. पहिले चार-पाच दिवस तो सकाळी तुमच्या तोंडाकडे बघत बसेल आणि तुमचा जीव खालीवर होईल. लॅब्रॅडॉरच्या त्या नजरेला फसू नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशा कुत्र्याला खाऊन झाल्यावरही पोट भरल्यासारखं वाटत नाही. मदतनीस म्हणून तयार केलेल्या लॅबमध्ये तर हे प्रमाण तीन चतुर्थांशापर्यंत निघालं, बहुधा खाण्याच्या लालसेमुळे ते लवकर शिकतात म्हणून. तेव्हा भुकेचा चेहरा हे माप धरायचं नाही.

आता तुमच्यातल्या वादाकडे. मला त्या वादात कुणीच पूर्ण चुकीचं वाटत नाही. गडबड अशी की प्रत्येक जण वेगळ्या कुत्र्याबद्दल बोलतोय. ‘वर्किंग डॉग’ या एका शब्दात फार वेगवेगळी कामं कोंबलेली आहेत. सशामागे जीव तोडून मिनिट-दोन मिनिटं धावणारा कारवान हाउंड घ्या. त्याला स्नायूंत साठवलेली साखर लागते, त्याचं खाणं पिष्टाकडे, म्हणजे धान्यातल्या स्टार्चकडे, झुकलेलं चालतं. दुसऱ्या टोकाला अलास्कातले बर्फावर गाडी ओढणारे कुत्रे. तिथल्या इडिटारॉड शर्यतीत दीड हजार किलोमीटरच्या आसपास अंतर असतं. शर्यतीच्या दिवसांत एकेक कुत्रा दिवसाला १०,००० कॅलरींपर्यंत जाळतो आणि त्यातला मोठा भाग चरबीतून येतो. बादल यांच्या मधला. काम लांब, पण वेग चालण्याचा. त्याच्यावर ताण आहे तो उष्णतेचा आणि नाकाचा. फौजी काकांनी थंड डोंगरात राबणारे कुत्रे पाहिले असतील, वडिलांनी माळावरचे. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो लोअर परळच्या बेसमेंटचा नाही.

मग बादलला लागतं किती? हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. वजनाला वजनानं दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० नं गुणा. त्याचं नीट वजन ३० धरू. ३० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे २७,०००. वर्गमूळ १६४, पुन्हा वर्गमूळ १२.८, गुणिले ७०, म्हणजे सुमारे ९००. नुसतं पडून राहायला त्याला इतक्या कॅलरी लागतात. घरात पाळलेल्या कुत्र्यासाठी याची साधारण दीडपट धरतात, बादलच्या कामाला दुपटीच्या आसपास. म्हणजे दिवसाला १,८००. हा सुरुवातीचा आकडा आहे. पुढे वजनाचा काटा सांगेल तसा बदलायचा.

तुम्ही सध्या देता त्याची मी बेरीज करून पाहिली. दूध ३००, चार चपात्या साडेचारशेच्या आत-बाहेर, बिस्किटं २५०, करी कटमधली हाडं वगळून उरलेलं चिकन २५०, भात चारशेच्या घरात. एकूण सोळाशेच्या पुढे. म्हणजे तुम्ही त्याला उपाशी ठेवलेलं नाही. पत्रातून तुमच्या मनात अपराधीपणा दिसला, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. तूट दोनशेच्या आसपासची आहे आणि पातळ शीतून जातं ते वेगळं. खरी अडचण अशी की या कॅलरींतला अर्ध्याहून बराच जास्त भाग पिष्ट आणि साखरेतून येतो. प्रोटीन जेमतेम ८० ग्रॅम आणि चरबी त्याच्याही निम्मी. कामाच्या कुत्र्याला प्रोटीन ११० ते १२० ग्रॅम हवं. प्रोटीन फार कमी पडलं तर स्नायू आणि सांधे दुखावतात, रक्तही उतरतं. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांवरच्या अभ्यासांत हे दिसलेलं आहे.

म्हणून ३२ टक्केवाली गोणी घ्यायची का? माझ्या मते नको. दुकानदार प्रोटीनचा आकडा मोठा करून सांगतो, कारण तो गोणीवर ठळक छापलेला असतो. गरजेपेक्षा जास्त प्रोटीन शरीर साठवून ठेवत नाही. ते जाळून टाकतं आणि त्यातून चरबीपेक्षा जास्त उष्णता तयार होते. मुंबईत राबणाऱ्या कुत्र्याला ती नकोच आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑबर्न विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रात स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांना वेगवेगळं खाणं देऊन पाहिलं. महागडं परफॉर्मन्स फूड, साधं प्रौढ कुत्र्यांचं खाणं, आणि त्याच साध्या खाण्यात मक्याचं तेल मिसळून. तिसऱ्या प्रकारचं खाणाऱ्या कुत्र्यांचं अंग व्यायामानंतर लवकर थंड झालं आणि स्फोटकांचा वासही त्यांनी जास्त अचूक पकडला. २०१३ साली हे निष्कर्ष जाहीर झाले. कुत्रे थोडेच होते, त्यामुळे हे ब्रह्मवाक्य नाही. पण आपल्या खिशाला परवडणारं, आपल्या हवेला जुळणारं आणि करून बघायला निर्धोक असं यातलं काही असेल तर ते हेच आहे. मक्याचं तेल नाही मिळालं तर सूर्यफुलाचं चालेल, दोन्हीतली चरबी साधारण एकाच जातीची. खोबरेल मात्र या कामाला नको. कोकणातले बरेच जण कुत्र्याच्या भाकरीवर खोबरेल घालतात हे मला माहीत आहे. पण २००३ साली पॉइंटर कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात खोबरेलाची भर घातलेल्या गटाची वास घेण्याची ताकद कमी झालेली आढळली होती. नाकावर पोट असलेल्या कुत्र्याबाबत तेवढी जोखीम कशाला घ्यायची?

कच्च्या मांसाबद्दल मी कडक आहे आणि त्याचं कारण हे शहर आहे. कोंबडी कापल्यापासून तुमच्या भांड्यापर्यंत येताना तासभर तरी मुंबईच्या उष्ण हवेत असते. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू तिच्यावर सर्रास असतात, फ्रीजरमध्ये ठेवून ते मरत नाहीत. धट्टाकट्टा कुत्रा ते पचवेलही, पण त्याच्या शीतून, लाळेतून ते तुमच्या हातावर येतात. त्याच हातानं तुम्ही डबा खाता आणि मॉलमध्ये लहान मुलं बादलला हात लावायला धावत येतात. बकऱ्याचं किंवा म्हशीचं कच्चं फुप्फुस, काळीज तर अजिबात नको. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी जातो. त्याची अंडी कुत्र्याच्या शीतून माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात, ज्या कधी कधी ऑपरेशन करून काढाव्या लागतात. ‘कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच’ हा काकांचा मुद्दाही आता तितकासा टिकत नाही. २०१३ सालीच स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी कुत्रा आणि लांडगा यांचे जीन्स ताडून पाहिले. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं काढून कुत्रा शिजवलेलं धान्य पचवायला शिकलाय.

म्हणजे वडिलांची भाकरी अगदीच टाकाऊ नाही. फक्त त्यांना एक विचारा: माळावरचा कुत्रा भाकरीशिवाय काय काय खायचा? मेलेलं करडू, व्यालेल्या शेळीची वार, शेतातले उंदीर, सांडलेलं ताक. माणसानं घातलेली भाकरी तेवढी आपल्या लक्षात राहते. बादल केनेलच्या दारातून बाहेर पडतो तो थेट गाडीत. तुम्ही भांड्यात घालाल त्याच्यापलीकडे त्याला काही मिळत नाही. म्हणून त्याचं भांडं पूर्ण असावं लागतं.

नेमकं इथंच घरी शिजवलेलं खाणं फसतं. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम जवळपास नसतं. झिंक, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यातल्या बऱ्याच पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. अंड्याच्या कवचाची चमचाभर पूड घातली की दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, पण बाकीचं राहतंच. प्रेमानं शिजवलेलं खाणं वर्षानुवर्षं देऊन हाडं ठिसूळ झालेले कुत्रे मी पाहिलेत आणि त्यांच्या मालकांना ते सांगणं फार जड जातं. तुम्हाला घरचंच द्यायचं असेल तर परळच्या कॉलेजात पशुपोषणशास्त्राचा विभाग आहे. तिथून बादलच्या वजनाप्रमाणे, खनिजांच्या मिश्रणासकट लिहून आणा. अंदाजानं नको.

रोजच्या ड्युटीवाल्या माणसाला मी ड्राय फूडच सुचवेन. महागड्या ब्रँडचा आग्रह नाही. प्रौढ कुत्र्यांसाठीचं, ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलेलं, २४ ते २६ टक्के प्रोटीन आणि १२ टक्क्यांच्या आसपास चरबी असलेलं कोणतंही. पण एकच. सहा महिने तेच. एजन्सीला लेखी कळवा की दर वेळी गोणी बदलल्यानं कुत्र्याचं पोट बिघडतं आणि बिघडलेल्या पोटाचा कुत्रा गेटवर उभा करणं ही मॉलच्या सुरक्षेतली त्रुटी आहे. पैशाचा मुद्दा ते ऐकणार नाहीत, हा ऐकतील. या शहरात १९९३ साली मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरच्या नाकामुळे किती स्फोटकं हाती लागली होती, हे जुन्या मंडळींना वेगळं सांगावं लागत नाही. बादलही त्याच कामावर उभा आहे.

आता माप. गोणीवर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी लिहिलं असेल तर दिवसाला ४४० ग्रॅम, त्यावर एक उकडलेलं अंडं आणि शेवटी मोठा चमचाभर तेल. एवढ्यात १,८०० च्या जवळ पोहोचता आणि प्रोटीनही ११५ ग्रॅमच्या आसपास जातं. मुठीनं किंवा वाटीनं मोजू नका, स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा घ्या. अंडं आणि तेल मिळून एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहतात. त्याहून जास्त वरकड घालत गेलात तर गोणीतलं संतुलन बिघडतं. चिकन द्यावंसं वाटलं तर अंड्याच्या ऐवजी, बोनलेस, चार-पाच तुकडे, आणि तेवढंच. उकडलेली हाडं आजपासून बंद, ती तुटून सुईसारखी होतात आणि आतडं फाडतात. चिकनच्या पाण्यात कांदा-लसूण पडता कामा नये. दोन्हीमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून स्टाफच्या रश्श्यातलं किंवा वडापावचा उरलेला तुकडाही नको. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटसुद्धा.

नवं खाणं एकदम सुरू करू नका. पहिले तीन दिवस पाव भाग नवं, बाकी सध्याचं चिकन-भात (दूध मात्र पहिल्याच दिवशी बंद). मग निम्मं-निम्मं, मग तीन भाग नवं. दहाव्या दिवशी पूर्ण. तेल शी घट्ट झाल्यावरच सुरू करायचं. तेही आधी चहाचा एक चमचा आणि दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत. ढिल्या पोटावर तेल घातलंत तर शी आणखी बिघडेल आणि दोष तेलाला येईल. मधल्या काळात दोन चमचे उकडलेला लाल भोपळा कुस्करून दिलात तर शी बांधायला मदत होते.

पावसाळ्यात गोणीचं जपा. उघड्या गोणीत ओल शिरते, बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष यकृत बिघडवतं. गोणीसकट घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच आणा. सुटं, किलोवर विकतात ते घेऊ नका. त्याची तारीख कळत नाही आणि ते किती दिवस उघडं होतं तेही.

पाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या लेखी ती खाण्याहून मोठी आहे. ३० किलोच्या कुत्र्याला नुसतं बसून दिवसाला दीड ते पावणेदोन लिटर पाणी लागतं, बेसमेंटमध्ये त्याहून बरंच जास्त. दूध आणि रस्सा-भातातून आत्तापर्यंत काही पाणी जात होतं, ते आता बंद होईल. म्हणून ड्राय फूड नेहमी भिजवूनच द्या. ड्युटीला लिटरच्या दोन बाटल्या न्या, दोन्ही संपल्याच पाहिजेत असं ठरवा. काही कुत्रे कामाच्या तंद्रीत पाणी पीत नाहीत. त्यांच्यासाठी चिकन उकडलेलं बिनमिठाचं, चरबी काढलेलं पाणी दोन-तीन चमचे मिसळायचं. वासानं पितात. दर वीस-तीस मिनिटांच्या कामानंतर सावलीत, हवेशीर जागी दहा मिनिटं, आणि दर वेळी भांडं पुढे. ओआरएस घालू नका. घाम येत नसल्यानं कुत्र्याचं मीठ आपल्यासारखं बाहेर जात नाही, त्याला साधं पाणीच हवं असतं. जुलाब लागले तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरला विचारा. आणि पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्याला तोंड लावू देऊ नका. उंदरांच्या मुताचं ते पाणी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) घेऊन येतं. त्याची लस वर्षाच्या वर्षाला घेतलीय ना, तेही बघा.

एक थर्मामीटर किटमध्ये ठेवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. काम करताना ते थोडं वर जातं आणि विश्रांतीत उतरतं. १०५ च्या पुढे जाऊन उतरतच नसेल तर काम थांबवा, पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावा, पंख्याची हवा द्या आणि डॉक्टर गाठा.

वजन दर पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर, सकाळी शी झाल्यावर करा. ३० ला आला की थांबवायचं, ३१-३२ कडे नेऊ नका. फासळ्यांवर तळहात फिरवला तर त्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात, भावंडांपेक्षा पाव भाग कमी खाणारे कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. पंधरा दिवसांत वजन हललंच नाही तर दिवसाला ४० ग्रॅम ड्राय फूड वाढवा. भराभर वाढलं तर तेवढंच कमी करा.

एका वहीत चार रकाने आखा. वजन, शी कशी झाली, पाणी किती प्यायला आणि दुपारी किती वाजता नाक सोडलं. सध्या तुम्ही एक वाजता लिहिताय. ती वेळ दोनकडे, तीनकडे सरकते का, ते मला महिन्याभरानं कळवा. आणि प्लेटलेट्सचा आकडा दीड लाखाच्या खाली आला तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे परत जा.